इंदापूरची जपानी चकती

पुणे सोडताना

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांना स्पष्टच सांगितलं, की आहे ती नजर राखण्यासारखं आता काही हातात उरलेलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत उजेड आणि अंधार कळेल, त्याहून जास्त नाही. अप्पा म्हणजे माझे वडील. सोन्याचांदीवर आणि तांब्यावर नक्षी कोरण्यात त्यांचा जन्म गेला. घरी येऊन चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "यमू, मला ती चकती एकदा बघायचीय."

कुठली चकती, हे मला विचारावं लागलं नाही. मी परकर नेसत होते तेव्हाची गोष्ट. चीनच्या लढाईवरून परतलेला सखाराम नावाचा एक हवालदार गावी जाण्याआधी आमच्या कसब्यातल्या दुकानात आला होता. त्याच्याजवळ एका जपानी तलवारीची चकती होती. मूठ आणि पातं यांच्यामध्ये, हाताला वार लागू नये म्हणून, ते लोक ही चकती बसवतात. तिला ते 'त्सुबा' म्हणतात, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. तळहातात मावेल एवढी, लांबट गोल, मधोमध पातं जायला फट. एका बाजूला कड चेपली होती, ती सरळ करून हवी होती. अप्पांनी काम एका बैठकीत संपवलं, पण हवालदार न्यायला येईपर्यंत चकती उशाशी घेऊन झोपले. तिच्यावर सोन्याचे करकोचे उडत होते, खाली चांदीची लव्हाळी वाऱ्यानं वाकली होती, आणि या सगळ्याच्या मागची जमीन काळी होती. वरून लावलेला रंग नव्हे. तो नखानं निघाला असता. धातूच काळा होता, आणि उन्हात धरला की त्यात जांभळट निळी झाक फिरायची.

आत कुठला धातू आहे ते बघायला एक ओरखडा पुरला असता. पण गिऱ्हाइकाच्या वस्तूवर ओरखडा काढणं अप्पांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. हवालदार चकती घेऊन गेला आणि अप्पा त्या काळ्याच्या मागे लागले. काजळी, गंधक, तेल, भट्टीची राख, काय काय करून पाहिलं. पुढे मुंबईत कामानिमित्त गेले असताना एका जपानी व्यापाऱ्यानं त्यांना दुभाष्यामार्फत कृती सांगितली: मुळ्याच्या रसात बुडवा, मग जंगाल आणि मोरचूद घातलेल्या पाण्यात उकळा. जंगाल म्हणजे तांब्यावर चढणारी हिरवी कीट, मोरचूद म्हणजे ते निळे खडे. अप्पांनी तांब्याच्या पत्र्यावर हे सगळं मन लावून केलं. पत्रा विटकरी झाला. पुन्हा केलं, पुन्हा विटकरी. त्या माणसानं आपल्याला फसवलं, असं ठरवून त्यांनी तो नाद वरवर सोडला.

मी लग्नानंतर थोड्याच वर्षांत पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आले आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर छिन्नी घेऊन बसले. आज दुकानातलं निम्म्याहून अधिक काम माझ्या हातचं असतं. त्यामुळे अप्पांना काय बघायचंय आणि का, हे घरात मलाच कळत होतं. बाकीच्यांचं म्हणणं वेगळं. हवालदार जिवंत आहे का ठाऊक नाही, गाव नक्की कुठलं ठाऊक नाही; म्हातारा माणूस आणि बाईमाणूस निघालेत कशासाठी, तर धातूच्या तुकड्यासाठी. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जाऊन बारामतीची तिकिटं काढून आणली.

बारामती आणि पणदरे

दौंडला मोठी गाडी सोडून बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. ही गाडी इतक्या सावकाश जाते की रुळाशेजारच्या शेतातली माणसं आतल्या माणसांशी पुरतं बोलून घेतात. दौंडकडची जमीन कोरडी, दगडगोट्यांची. बारामती जवळ आली तसा गारवा लागला आणि गुळाचा वास येऊ लागला. अप्पांना खिडकीबाहेरचं फारसं दिसत नव्हतं, तरी ते म्हणाले, "पाणी आलं." नीरेच्या कालव्यानं या भागाचं नशीब पालटलंय. जिकडे पाहावं तिकडे ऊस, आणि उसाच्या मधून मधून गुऱ्हाळांचा धूर.

हवालदार बहुधा पणदऱ्याचा, एवढंच अप्पांच्या आठवणीत होतं. बारामतीत एका ओळखीच्या सराफाकडे उतरलो आणि सकाळी बैलगाडीनं पणदऱ्याला निघालो. कालव्याच्या कडेनं रस्ता चांगला आहे. गाडीवान वाटेतल्या प्रत्येकाला आम्ही कोण, कुठले, कशाला आलो ते स्वतःच सांगत होता, त्यामुळे आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

चावडीपुढे तात्या म्हणून एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. सखाराम हवालदार त्यांचा बालमित्र. हवालदार वारून बरीच वर्षं झाली, हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग आम्हाला बसायला घोंगडी टाकली. पुण्यात पाहुण्याला आपण चहा घेणार का म्हणून विचारतो. इथे कोणी विचारलं नाही. समोर गुळाचा चहा आला, त्यामागून ताजी काकवी आणि बाजरीची भाकरी आली, आणि ते संपेपर्यंत कामाचं बोलणं काढायचं नाही अशी रीत दिसली.

चकतीचं नाव काढताच तात्यांनी मान डोलावली. ती हवालदारानं लुटून आणलेली नव्हती, हे त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं. चीनमध्ये त्या लढाईत जपानी आपल्याच बाजूनं होते आणि आपल्या पलटणीच्या शेजारी त्यांच्या शिपायांचा तळ होता. तिथल्या एका शिपायाची तलवार मोडली होती. हवालदाराचा पाणी प्यायचा तांब्या त्या शिपायाला फार आवडला. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. जायच्या दिवशी हवालदारानं त्याला तांब्या दिला आणि त्यानं मोडक्या तलवारीची चकती काढून याच्या हातावर ठेवली.

"चकती कुठं हाय म्हणाल, तर हितं न्हाय," तात्या म्हणाले. "त्याची बायको ठकूबाई लेकाकडं ऱ्हाती. इंदापूरच्या पल्याड, भीमेच्या अंगाला मळा हाय त्यांचा. देवावानी जपून ठिवलीया तिनं."

हे ऐकून अप्पांनी माझा हात दाबला. जपून ठेवलीय, एवढंच आम्हाला ऐकायचं होतं.

इंदापूरच्या वाटेवर

बारामतीहून इंदापूरला सर्व्हिस मोटार जाते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं मालकाला लवकर वाटत नाही. आमच्या पायाशी एक शेळी होती, टपावर कोथिंबिरीच्या पाट्या होत्या. लासुर्ण्याच्या पुढे रस्त्यानं गाडी अशी उडवली की अप्पांच्या पिशवीतल्या तेजाबाच्या बाटलीचं बूच सैल झालं. सोन्याचा कस लावायला सोनाराला कसोटीचा दगड आणि तेजाब, म्हणजे जहाल ॲसिड, लागतं, म्हणून ती दोन्ही त्यांच्याजवळ कायम असतात. जळका वास आला तेव्हा मी पिशवी उचलली. उपरण्याला भोक पडलं होतं, पिशवीचा तळ गेला होता, शेळी जोरानं शिंकत होती. बाटलीत तळाशी थोडं तेजाब उरलं. शेळीच्या मालकानं बराच वेळ आमच्याकडे रागानं पाहिलं, मग शेळीला काही झालेलं नाही अशी खात्री झाल्यावर मला विचारलं की हे औषध कशावर चालतं.

निमगाव केतकीला मोटारीत पाणी भरायला थांबलो. इथले पानमळे प्रसिद्ध आहेत. भर उन्हात वेलांच्या आत शिरलं की ओल्या कपड्यानं अंग पुसल्यासारखं गार वाटतं. मळेवाल्यानं अप्पांना कोवळी पानं निवडून दिली. यानंतर हिरवं संपलं. इंदापूरकडची जमीन उघडी, माळरानाची. मेंढ्यांचे कळप आणि लांबवर ज्वारी. कालवा नसला की काय होतं ते एका दुपारच्या प्रवासात दिसतं.

भीमेकाठचा मळा

इंदापुरात धर्मशाळेत सामान टाकलं आणि गाडी करून मळ्यावर गेलो. माळ ओलांडल्यावर विहिरीच्या पाण्यावर केलेला भाजीचा हिरवा तुकडा एकदम समोर आला: वांगी, मुळे, मेथी, बांधावर पेरू. मुलगा भाजी घेऊन बाजाराला गेला होता. घरी ठकूबाई आणि त्यांची सून गंगू. ठकूबाई साठीच्या पुढच्या, उंच, ताठ. पुण्याहून कोणी आपल्या नवऱ्याची आठवण काढत आलंय याचं त्यांना अप्रूप वाटलं. त्यांनी अप्पांना आबा म्हणायला सुरुवात केली. चकती बघायला आलोय म्हणताच त्या आत गेल्या आणि देव्हाऱ्यातून चकती घेऊन आल्या.

मी ती त्यांच्या तळहातावर पाहिली. चकती लख्ख होती. नुकत्याच घासलेल्या तपेल्यासारखी लालसर चमकत होती. काळ्याचा कुठे मागमूस नव्हता.

अप्पांनी ती डोळ्याजवळ नेली, उजेडाकडे फिरवली, पुन्हा डोळ्याजवळ नेली. लालसर जमिनीवरचं पिवळं सोनं त्यांच्या नजरेला वेगळं दिसेना. "ही ती नव्हे," ते म्हणाले. मग त्यांचा अंगठा कडेवरून फिरत गेला आणि एका जागी थांबला. आपल्या हातोडीची जागा त्यांना सापडली होती. जमिनीवरचे खसखशीएवढे बारीक दाणे त्यांनी चाचपले. कडेला ते झिजून सपाट झाले होते.

"हीच आहे," ते म्हणाले. "बाई, हिचं काळं कुठं गेलं?"

ठकूबाईंना प्रश्नच कळला नाही. देवातली वस्तू, दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासायची. त्यांनी ते इतकी वर्षं एकदाही चुकू दिलं नव्हतं. आणली तेव्हा काजळून गेली होती, आता बघा कशी झालीय, असं त्या कौतुकानं सांगत होत्या. अप्पा खाली मान घालून ऐकत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पण अप्पा हाडाचे कारागीर. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली आणि विचारलं, आता आतला धातू उघडा पडलाच आहे, तर कसोटीच्या दगडावर एक बारीक रेघ ओढू का? ठकूबाई हो म्हणाल्या. मी रेघ ओढली. तांब्याचीच रेघ. बाटलीच्या तळचं तेजाब मी काडीनं तिच्यावर सोडलं. तांब्याला तेजाब लागलं की ते हिरवं होऊन विरघळतं, दगड कोरा होतो. इथेही हिरवं झालं. पुसलं, तर रेघ पुरती गेलेली नव्हती. पुसट, तपकिरी, पण राहिली होती. मी अप्पांना सांगितलं. त्यांनी मला पुन्हा बघायला लावलं. मी पुन्हा बघून तेच सांगितलं.

"यमू, सोनं," अप्पा म्हणाले. "तांब्यात सोनं मुरवलंय."

ते बोलले हळू, पण सोनं हा शब्द कोणालाही ऐकू जातो. ठकूबाईंनी हात पुढे केला. मी चकती त्यांच्या हातावर ठेवली. त्या उठल्या, आत जाऊन ती देव्हाऱ्यात ठेवून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण आबा म्हणायच्या त्या थांबल्या.

"आदी म्हणला, बगायला आलो. मग दगडावर घासली. आता सोनं म्हणताय. तुमची गाडी थांबलीया. उजेड हाय तवर इंदापूर गाठा."

समजावण्याचा मी प्रयत्न केला. त्यांनी गंगूला हाक मारून आम्हाला वाटेसाठी पेरू द्यायला सांगितले. याहून स्पष्ट निरोप कुठला असतो?

इंदापूर, दुसरा दिवस

मला वाटलं होतं अप्पा खचतील. सकाळी पाहते तो ते धर्मशाळेच्या ओट्यावर उन्हात बसून स्वतःशी हसत होते. मला शेजारी बसवून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. जपानी व्यापारी खोटं बोलला नव्हता. मुळा, जंगाल, मोरचूद, सगळं बरोबर होतं. चूक एवढीच की आपण निव्वळ तांबं उकळत बसलो. तांब्यात थोडं सोनं असेल तरच ते पाणी त्याला काळं करतं. ठकूबाईंनी इतकी वर्षं घासलं नसतं, तर हे आपल्याला कधी कळलं नसतं.

"आपलं काम झालं," ते म्हणाले. "दुपारच्या मोटारीनं निघू."

मी नाही म्हटलं. आयुष्यात अप्पांना मी फार वेळा नाही म्हटलेलं नाही. पण आम्ही कृती शोधायला निघालो नव्हतो. डोळे आहेत तोवर त्यांना ती चकती बघायची होती, आणि ती त्यांनी पाहिलेली नव्हती. हातात घेऊनही पाहिलेली नव्हती. कृती खरी असेल, तर गेलेलं काळं परत आणता येईल. अप्पा म्हणाले, बाई दारात उभं करणार नाहीत. मी म्हटलं, बघू.

बाजारात जाऊन मी मोरचूद आणि जंगाल घेतलं. ही गुरांच्या जखमेवरचीही औषधं, म्हणून दुकानदारानं बैलाच्या कुठल्या पायाला लागलंय ते विचारलं आणि खुराला कसं बांधायचं ते समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन मी एकटीच मळ्यावर गेले.

ठकूबाई मुळ्याच्या वाफ्यात होत्या. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. मी बांधावर चपला काढल्या आणि शेजारच्या ओळीत बसून मुळे उपटायला लागले. लांब हरभऱ्याच्या रानात करकोच्यांचा थवा उतरला तशी गंगू पत्र्याचा डबा वाजवत तिकडे धावली. ठकूबाई म्हणाल्या, थंडीत दरसाल येतात मेले, हरभरा ठेवत नाहीत.

मग मी त्यांना जे खरं तेच सांगितलं. अप्पांची नजर जातेय, पावसाळ्यापर्यंतच आहे. हवालदारानं चकती दुकानात आणली तेव्हा ती काळी होती आणि अप्पांनी त्यानंतर तसं काळं दुसरं पाहिलं नाही. तिच्यातलं सोनं काढण्याएवढं नाही आणि काढायचंही नाही. जमलं तर तिचं काळं परत आणायचंय, एवढ्यासाठी आले.

त्यांनी मुळ्याची जुडी बांधली. "हे काल का सांगितलं न्हाय?"

अप्पांना आपल्या डोळ्यांचं बोललेलं आवडत नाही, मी म्हटलं.

"आन् बिगाडली तर?"

"बिघडू शकते," मी म्हटलं. "आम्ही हे कधी करून पाहिलेलं नाही. तांब्यावर केलं ते फसलं. यावर जमेल असं वाटतं, पण मी वचन देत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाफ्याकडे. जमणारच असं मी म्हटलं असतं तर त्यांनी मला घालवून दिलं असतं, असं त्यांनी पुढे मला सांगितलं.

"माझ्या अंगणात करायचं," त्या म्हणाल्या. "माझ्याच भांड्यात. आन् दोरी माझ्या हातात ऱ्हाईल. मी म्हणंन तवा भाईर काढायची."

मी कबूल केलं. त्यांनी स्वतःच गाडी जुंपवून अप्पांना आणायला पाठवलं.

मळ्यातलं अंगण

गंगूनं तीन दगड मांडून तुरीच्या काड्यांचा जाळ केला. तांब्याच्या पातेल्यात पाणी, त्यात मोरचूद आणि जंगाल. पाणी निळं-हिरवं झालं. मी मुळे किसले. अप्पा बाजेवर बसून वासावरून आणि उकळीच्या आवाजावरून मला सांगत होते. जाळ कमी कर, खळखळ नको, नुसतं हलू दे. मी चकती राखेनं आणि किसलेल्या मुळ्यानं पुन्हा पुन्हा पुसली, तेलाचं बोट लागू दिलं नाही. तिच्या फटीतून सुती दोरा ओवला आणि दोऱ्याचं टोक ठकूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी मुळ्याच्या रसात चकती बुडवली आणि पातेल्यात सोडली.

पहिल्यांदा वर काढली तेव्हा ती विटकरी झाली होती. अगदी आमच्या पत्र्यांसारखी. मी अप्पांना तसं सांगितलं. ठकूबाईंनी दोरा आवळून धरला. काढून घ्यावी असं त्यांच्या मनात होतं हे दिसत होतं. मी म्हटलं, पुन्हा रसात बुडवू आणि पुन्हा सोडू. तुमचा जीव होत नसेल तर इथंच थांबू.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच चकती रसात बुडवून पुन्हा पाण्यात सोडली.

दुसऱ्या वेळी ती वांग्याच्या सालीसारखी झाली होती. गंगू वाकून बघत होती, ती सासूला हळूच म्हणाली, सोनं तसंच हाय. खरंच करकोचे जसेच्या तसे पिवळे होते आणि भोवतालची जमीन त्यांच्यापासून सुटून मागे जात होती. आता कोणी कोणाला विचारलं नाही. रस, पाणी, रस, पाणी. ठकूबाईंचा हात सारखा हलता होता. शेवटी त्यांनी दोरा वर ओढला आणि म्हणाल्या, "बास."

मी ती स्वच्छ पाण्यातून काढून पंच्यानं टिपली. ती काळी होती. कडेला, जिथे दाणे झिजले होते तिथे जरा उदास दिसत होती, पण मध्ये, पक्ष्यांच्या पंखांखाली, ते जुनं काळं आलं होतं, जांभळट झाक असलेलं.

मी चकती अप्पांच्या हातात दिली. त्यांनी उन्हाकडे तोंड केलं आणि ती डोळ्याशी धरली. आम्ही तिघी उभ्या होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी बोट लावून दाखवलं, "हा मान वळवून मागच्याकडे बघतोय." तसा एक करकोचा होता खरा. कालच्या तांबूस जमिनीवर त्यांना तो दिसला नव्हता, काळ्यावर दिसला. मग त्यांनी एकेक पक्षी दाखवला, लव्हाळी दाखवली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांनी मनावर घेतलं नाही.

ठकूबाई त्यांच्या शेजारी बाजेवर टेकल्या. "आबा, आणली तवा अशीच व्हती?"

अप्पा म्हणाले, अशीच. थोडी अधिकच. कड चेपली होती ती सरळ करून द्या म्हणून हवालदार आले होते. घाईत होते. घरी दाखवायचीय, चेपलेली कशी नेऊ, असं म्हणत होते.

ठकूबाई चकतीकडे बघत राहिल्या. मग सांगू लागल्या, आम्हाला की स्वतःला, मला कळलं नाही. हवालदार लढाईवरून आले त्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला त्यांनी ती घासली. नव्या नवरीसारखा उत्साह होता. काजळी निघता निघेना, तर सकाळभर घासत बसल्या. लख्ख झाल्यावर दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला नेऊन दाखवली.

"त्येंनी हातात घेतली," त्या म्हणाल्या. "उलटीपालटी केली. चांगली झालीया म्हणाले. त्येवढंच. मरस्तवर दर दसऱ्याला म्या घासायची आन् त्येंनी चांगली झालीया म्हणायचं." त्या थांबल्या. "त्येंना ठावं व्हतं की वो."

गंगूनं पातेलं उतरवून जाळावर पाणी टाकलं. ठकूबाईंनी चकती पदरात घेतली आणि पदराच्या आत दोन्ही हातांनी धरून त्या बसून राहिल्या. आम्ही जेवून निघालो तेव्हाही ती पदरातच होती. भरीत-भाकरी वाढताना त्यांनी एकच गोष्ट विचारली, की हिची आता निगा कशी ठेवायची. मी म्हटलं, घासू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, आणि अधूनमधून हातात घेत जा.

परत पुण्यात

दुसऱ्याच दिवशी अप्पांनी धातू वितळवायची मूस मांडायला लावली. दुकानातल्या सोन्याच्या किसातला थोडा कीस तांब्यात टाकून पहिला पत्रा केला, तो करड्या रंगावर अडला. सोनं कमी पडलं होतं. पुढचा ठोकताना तडकला. उन्हाळा यातच गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्याही थोडं आधी अप्पांच्या डोळ्यांपुढचं सगळं विरघळून एक पांढुरका उजेड तेवढा राहिला. त्यांनी दुकानात येणं एक दिवसही चुकवलं नाही. पाटावर बसून ते वितळल्या धातूचा आवाज ऐकत आणि मला सांगत.

ज्या दिवशी पत्रा साधला त्या दिवशी मी तो पाण्यातून काढून पुसला आणि काही न बोलता त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं तो सगळीकडून चाचपला. अंगठ्याला रंग कुठून कळणार?

"काळं?" त्यांनी विचारलं.

"काळं," मी म्हटलं.

त्यांनी पत्रा माझ्याकडे परत दिला आणि माझी छिन्नी चाचपडत शोधून माझ्या पुढ्यात सरकवली.

"मग बस," ते म्हणाले. "पक्षी कोरायला घे."